जावयाचे माहेर

मराठीत दोन घरे असतात ती स्त्रीला. जन्म झाला ते माहेर आणि लग्न करून आली ते सासर. पुरुषालाही सासर असते, पण ते दिवाळसणाला जाऊन मानपान घेऊन परतण्याचे ठिकाण. तिथे त्याला राहायचे नसते. माहेर तर त्याला नसतेच. ज्याने घर सोडले नाही, त्याला सोडलेल्या घराचे नाव कशाला हवे? एखादा पुरुष लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला गेलाच, तर त्याच्यासाठी भाषेने ‘घरजावई’ हा शब्द ठेवला आहे, आणि तो कोणत्या सुरात उच्चारला जातो हे वाचकांना सांगायला नको. आम्ही दोघे गेली अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. जात्यावरच्या ओव्या शिकवताना ‘माहेर’ या एका शब्दावर तासच्या तास बोलून झाले आहेत. या शब्दाचा नागरिकत्वाच्या कायद्याशी काही संबंध असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते. तो संबंध लक्षात आला आमच्या भाचीच्या लग्नामुळे.

भाची म्हणजे आक्कांची एकुलती एक मुलगी. आक्का आम्हा दोघांपैकी एकाच्या थोरल्या भगिनी आणि दुसरीच्या नणंद. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, यजमान त्याआधीच गेले, आणि आता वाईजवळच्या गावी एकट्या राहतात. कृष्णेकाठी दोन एकर जमीन आहे, तीत ऊस आणि थोडी हळद. मुलगी पुण्यात अभियंता. चाकणच्या एका कारखान्यात काही वर्षांच्या कामासाठी आलेल्या जर्मन तरुणाशी तिची ओळख झाली आणि २०२२ च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे तीस दिवस आधी नोटीस लागली. जावयाला विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचा दाखला त्याच्या गावाहून आणावा लागला. मग तीन साक्षीदारांच्या सह्या, त्यांतल्या दोन आमच्या. पुढच्या वर्षी त्याचे चाकणचे काम संपत आले आणि खरा प्रश्न समोर उभा राहिला. कोणी कोणाकडे जायचे?

मराठीचे प्राध्यापक म्हणजे कुठलाही कागद वाचू शकणारी माणसे, असा आमच्या कुटुंबात एक जुना समज आहे. “मामा, मामी, तुम्ही एकदा हे सगळं वाचून बघा,” असे म्हणून भाचीने कागदांची एक जाड फाईल आमच्या टेबलावर ठेवली. पुढचे काही महिने आम्ही कवितासंग्रह बाजूला ठेवून ती वाचत होतो.

पहिला मार्ग जर्मनीचा. जर्मन नागरिकाच्या पत्नीला तिथे कुटुंबाच्या नात्याने राहण्याचा परवाना मिळतो आणि त्या परवान्यावर नोकरीही करता येते. तीन वर्षे संसार तिथे टिकला आणि भाषा पुरेशी आली, की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. साधारण तेवढ्याच काळाने, लग्नाला किमान दोन वर्षे झाली असली तर, नागरिकत्वही मागता येते. त्याआधी मात्र साधारणपणे जर्मन भाषेची पहिली पायरी ओलांडून दाखवावी लागते. जोडीदारांसाठी ही अट २००७ पासून आली. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली (मुलगे थोडे, मुली पुष्कळ) आम्ही पाहिल्या आहेत. या पायरीची शब्दसूची सुमारे ६५० शब्दांची. आम्ही भाषेची माणसे असल्याने ती यादी कुतूहलाने चाळली. भाकरी, बस, डॉक्टर, घरभाडे, वाढदिवस. ज्याच्याशी जन्म काढायचा त्याच्या देशात शिरायला एवढे शब्द पुरेसे आहेत, असे तिथल्या सरकारला वाटते. पूर्वी सासरी जाणाऱ्या मुलीला आई चार गोष्टी शिकवून पाठवत असे, त्यातलाच हा प्रकार, फक्त शिकवण्याचे काम दुसऱ्या कोणी घेतलेले.

अर्जात एक रकाना ‘जन्मनाव’ असा होता. त्यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. आमच्या आईच्या पिढीत लग्नाबरोबर स्त्रीचे आडनाव तर बदलेच, पण वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येई आणि पुष्कळदा तिचे स्वतःचे नावही तांदळाच्या ताटात अंगठीने नव्याने लिहिले जाई. जन्मनाव उरे ते माहेरच्या माणसांच्या तोंडी. भाचीने आपले नाव बदललेले नाही, त्यामुळे तिला रकाना भरणे सोपे गेले. आक्कांना तोच कागद भरायचा असता, तर त्यांना रकान्याबाहेर लिहावे लागले असते.

या मार्गाची खरी अडचण शेवटच्या पायरीला होती. २७ जून २०२४ पासून जर्मनीने आपला कायदा बदलला. आता तिथले नागरिकत्व घेताना आधीचे सोडावे लागत नाही, आणि जर्मन माणसाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तरी त्याचे जर्मन नागरिकत्व जात नाही. ही बातमी आली तेव्हा भाचीचा आनंद काही तास टिकला. कारण दुसरे दार आपल्या बाजूने बंद आहे. आपल्या नागरिकत्व कायदा, १९५५ चे नववे कलम सांगते, की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले, की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. कोणी ते काढून घेत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही. ते आपोआप संपते. उरते ते पासपोर्ट परत करण्याचे काम. गोव्यात या कलमाची धग लग्नाशिवायही अनेक घरांनी अनुभवली आहे. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्या आईवडिलांमुळे वा आजीआजोबांमुळे ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, त्यांचे गाव, घर, अंगण सगळे होते तिथेच राहिले आणि ते स्वतः मात्र कायद्याने परके झाले.

स्त्रीचे लग्न आणि तिचे नागरिकत्व यांची ही गाठ जुनी आहे, आणि ती बांधणारे आपण एकटे नव्हतो. १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री अमेरिकन राहत नसे. १९२२ च्या केबल कायद्याने हे बदलले. पण नवरा नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या वंशाचा असेल, तर त्या स्त्रीला ही सवलत नव्हती. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही असा निकाल दिला, आणि क्रांतिकारक तारकनाथ दास यांची अमेरिकेत जन्मलेली पत्नी मेरी हिच्यावर आपल्याच देशात परकी होण्याची पाळी आली. जर्मनीच्या १९१३ च्या कायद्यातही परदेशी नवरा करणाऱ्या जर्मन स्त्रीचे नागरिकत्व जात असे, आणि जर्मन आई व परदेशी वडील अशा जोडप्याच्या मुलाला आईकडून जर्मन नागरिकत्व मिळू लागले ते १९७५ पासून. ब्रिटनने पत्नीला पतीच्या मागे ओढून नेणारा नियम मुळापासून सोडला तो १९४८ च्या कायद्याने.

आपल्याकडे काय होते, हे पाहताना आम्हाला ‘घरजावई’ हा शब्द पुन्हा भेटला. १९५५ च्या मूळ कायद्यात लग्नाच्या नात्याने नोंदणी करून भारतीय होण्याची सोय होती, पण ती फक्त स्त्रियांना. परदेशी सून कायद्याला समजत होती. परदेशी जावई येथे राहायला येईल, ही कल्पनाच कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावी. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला. तसेच परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय वंशपरंपरा फक्त वडिलांकडून मिळे. आईकडूनही मिळेल असे कायद्याने मान्य केले ते १९९२ मध्ये. म्हणजे आक्कांच्या तरुणपणी एखाद्या मुलीने परदेशी नवरा केला असता, तर कायद्याने तिला एकच वाट ठेवली होती, ती म्हणजे जाण्याची. नवऱ्याला येथे आणून लग्नाच्या जोरावर येथला करण्याची वाट नव्हती.

अशा वाटेने आलेल्या एका सुनेचे नाव आमच्या भागात आदराने घेतले जाते. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या. महात्मा फुले आणि पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ यांवर संशोधन करायला महाराष्ट्रात आल्या, १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, कराडच्या पुढे कासेगावला संसार केला आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले तेही कासेगावीच. आमच्या पिढीने त्यांचे लेखन अभ्यासाला घेतले, त्यांना मोर्च्यांत पाहिले. मराठी माणसाने त्यांच्या नागरिकत्वाचा अभिमान बाळगला आणि ते योग्यच होते. पण भाचीची फाईल वाचताना प्रथमच आमच्या मनात आले, की त्या अभिमानात आपण एक हिशेब कधी केला नाही. त्या जे घेऊन आल्या त्याची नोंद आहे; त्यांनी जे सोडले, ते आपण ‘सून आली’ या दोन शब्दांत मिटवून टाकतो.

असो. दुसरा मार्ग होता जावयाने येथेच राहण्याचा. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला प्रवेश व्हिसा मिळतो, त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते, परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदलेले लग्न सलग दोन वर्षे टिकले, की त्याला एका कार्डासाठी अर्ज करता येतो. हे कार्ड म्हणजे २००६ च्या जानेवारीत सुरू झालेली ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ योजना. मुळात दुहेरी नागरिकत्व द्यावे अशी शिफारस लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने २००२ मध्ये केली होती. मिळाले ते हे. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, राहता येते, बहुतेक नोकऱ्या करता येतात. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

भाषेच्या शिक्षकाला या नावावर थांबणे भागच होते. त्यात ‘नागरिक’ आहे, पण नागरिकत्व नाही. २०१५ च्या दुरुस्तीने त्याला शेवटी ‘कार्डधारक’ हा शब्द जोडला, म्हणजे उरलासुरला गैरसमजही राहू नये. आणि ‘ओव्हरसीज’ म्हणजे समुद्रापारचा. आमचा जावई वाईच्या बाजारातून भाजी आणतो, गावच्या छबिन्याला पालखीमागे चालतो, हळद शिजवताना काहिलीपाशी रात्रभर जागतो. आणि त्याच्या खिशातले कार्ड त्याला समुद्रापारचा म्हणते. परदेशी जाऊन राहिलेल्या भारतीयांसाठी शिवलेला हा अंगरखा. येथे येऊन राहिलेल्या परदेशी माणसाच्या अंगावर तो आखूड पडणारच.

हे कार्ड परदेशी जोडीदाराला मिळते ते विवाहाच्या आधारावर. त्यामुळे विवाह कायद्याने संपला, तर ते रद्द होऊ शकते. भारतीय वंशाच्या कार्डधारकाला ही अट नाही. भाचीने हे कलम वाचले आणि ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मामी, म्हणजे आमचं भांडण झालं तर घर माझं आणि देशही माझा. त्याच्याकडे काय?” परक्या घरी नांदायला गेलेल्या बाईची भीती तिने अचूक ओळखली होती, फक्त या खेपेला ती नवऱ्यासाठी. आमच्या वर्गातल्या मुलींना ओव्यांमधली सासुरवाशीण समजावून सांगताना आम्हाला एवढे नेमके वाक्य कधी सुचले नव्हते.

कार्डाच्या आधी सुरक्षाविषयक चौकशी असते. ती करायला एक अधिकारी गावी आले. माणूस सभ्य होता, चहा घेतला, कागद पाहिले. जाताना मात्र आक्कांना म्हणाले, “बाई, जावई इथं राहणार? मग मुलगी तिकडं का जात नाही?” कोणत्याही नमुन्यात हा प्रश्न छापलेला नाही. तो विचारण्याचा त्यांना अधिकारही नव्हता. पण गावात तो प्रश्न त्यांच्या आधी पन्नास जणांनी विचारून झाला होता. कायद्यातला ‘स्त्रिया’ हा शब्द १९८६ मध्ये बदलला. चावडीवर तो बदलायला वेळ लागतो.

दोघांनी हाच दुसरा मार्ग निवडला. आक्का साठीच्या पुढे गेल्या आहेत, मधुमेह आहे, गाव सोडायची त्यांची तयारी नाही. हे एक कारण. भाचीचे नाव सातबाऱ्यावर आहे, आणि पुढेमागे बांधालगतचा तुकडा विकत घ्यायचा झाला तर ती भारतीय नागरिक असणे आवश्यक आहे, हे दुसरे. तिसरे कारण जावयाने सांगितले. त्याचे आईवडील दोघेही आहेत, शेजारी बहीण राहते, त्याच्या घरी कोणी एकटे नाही. २०२५ मध्ये कार्ड हाती आले. आता तो पुण्याच्या एका संस्थेत शिकवतो आणि आठवड्याच्या शेवटी दोघे वाईला असतात.

तिसरा मार्ग अजून पुढे आहे. भारतीय जोडीदार असलेल्या व्यक्तीला सात वर्षे येथे राहिल्यावर नोंदणीने भारतीय नागरिकत्व मागता येते. तसे केले, तर मतदान येईल, शेतजमीन येईल, लग्नावर टांगलेले कार्ड जाईल. आणि त्याच अर्जात मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी लागेल. जर्मनी आता सोडायला सांगत नाही; आपण सांगतो. हा विषय एका रविवारी जेवताना निघाला. आमच्यापैकी एकाने उत्साहाने गेल ऑम्व्हेटांचे उदाहरण दिले. आक्का वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, “त्याचं माहेर कशाला तोडायला लावता? त्याची आई तिकडं वाट बघत असंल की.”

पुरुषाचे माहेर. आमच्या आयुष्यात हा शब्दप्रयोग आम्ही घरगुती बोलण्यात प्रथमच ऐकला. साहित्यात तो आहे, आणि आम्हीच तो शिकवतो. वारकरी संतांनी पंढरीला माहेर म्हटले आहे. एकनाथांसारख्या संसारी, विद्वान पुरुषालाही स्वतःला माहेरवाशीण समजण्यात संकोच वाटला नाही. पण मराठीने पुरुषाला माहेर दिले ते भक्तीत. रोजच्या व्यवहारात, रेशनकार्डावर आणि रिकाम्या रकान्यांत ते कधी दिले नाही. आक्का काही साहित्याच्या अभ्यासक नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी एक घर सोडून दुसऱ्या घरी आलेली ती एक बाई आहे. त्या अनुभवातून तिला जावयाची जागा कळली.

दुहेरी नागरिकत्वाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा आम्ही हलका मानत नाही. फाळणीच्या जखमा ताज्या असताना घटनाकारांनी एकनिष्ठेची अट घातली, त्यामागे कारणे होती. दोन मतदारयाद्या, दोन सैन्ये, दोन करव्यवस्था यांचे प्रश्न खरे आहेत. पण लग्न करून आलेल्या माणसाकडून जी निष्ठा आपण मागतो, तिची कसोटी त्याने मागचे तोडले की नाही, ही असू नये असे आम्हाला वाटते. आमच्या समाजाने लाखो स्त्रियांकडून दोन घरांची निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या घेतली. माहेरचा जीव तुटला म्हणून सासरचा चुलीवरचा भात करपू दिला, असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू शकणार नाही. दोन घरे सांभाळता येतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणत्या समितीला हवा?

गंमत अशी, की आपला कायदाही एका ठिकाणी हे जाणतो. परदेशात जन्मलेल्या आणि वंशपरंपरेने भारतीय ठरलेल्या अज्ञान मुलाकडे दुसऱ्या देशाचे नागरिकत्वही असू शकते, हे चौथ्या कलमात गृहीत धरले आहे; सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने ते दुसरे सोडले नाही, तर भारतीय नागरिकत्व संपते. म्हणजे अठरा वर्षे आणि सहा महिने दोन्ही घरे आपली म्हणायला कायद्याची हरकत नाही. मूल असेपर्यंत ते चालते. भाचीला या दिवाळीनंतर बाळ होणार आहे. ते येथेच जन्मेल, आईमुळे भारतीय आणि वडिलांमुळे जर्मन. त्याच्यासाठीचे नियम वेगळे आहेत आणि फाईल पुन्हा आमच्या टेबलावर आली आहे. आक्कांनी मात्र जावयाच्या आईला बाळंतपणासाठी बोलावणे धाडले आहे. त्या बाईंचा व्हिसा पर्यटनाचा असेल. आक्का त्यांना विहीणबाई म्हणतात.